बाटल्या भरून नेता, मग सांगायला कोणी का येत नाही? : गावात प्रोजेक्टला येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरापोरींना खुलं पत्र

पोरापोरींनो, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या पट्ट्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे. नाव ऐकायला मोठं वाटतं पण काम साधंच आहे, सकाळी व्हॉल्व सोडायचा, टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची, गावाच्या टोकाला शेवटच्या नळावर ओटी घ्यायची म्हणजे औषधाचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहायचं, वहीत लिहायचं अन् तारीख आली की पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पोचवायचे. आयटीआय वायरमन आहे, म्हणून तुमच्या पेटीतल्या वायरी पाहून घाबरत नाही. उलट मला लय आवडतं ते सगळं. हे पत्र रागाने लिहितोय असं समजू नका, म्हणजे थोडा राग आहे, पण तुमच्यावर कमी अन् एकूण पद्धतीवर जास्त आहे.

मागच्या काही वर्षांत आमच्या गावात तुमच्यासारखे तीन ग्रुप येऊन गेले. कॉलेजची नावं सांगत नाही, सांगून काय होणार. एका ग्रुपने टाकीवर पेटी बसवली, वर सोलर पॅनल, आत सिमकार्ड, निळा लाईट लुकलुकत होता, अख्खं गाव पाहायला आलं होतं. सरपंचांनी नारळ फोडला. पेटी दर दहा मिनिटाला पाण्याचा टीडीएस, पीएच, गढूळपणा अन् तापमान मोजून कुठेतरी वर पाठवणार होती अन् ते आपल्याला डॅशबोर्डवर दिसणार होतं. डॅशबोर्ड इंग्रजीत होता, पासवर्ड ज्याच्याकडे होता तो पोरगा पास होऊन बंगलोरला गेला, तीन महिन्यांनी सिमचा रिचार्ज संपला, अन् पावसाळ्याच्या आधीच वांदरांनी पॅनलची वायर ओढून तोडली. मी वायर जोडून दिली हो, वायरमन आहे, पण सिमचा रिचार्ज कोणी करायचा हे ठरलंच नव्हतं.

पण माझा मुद्दा वांदरांचा नाही. माझा मुद्दा असा की ती पेटी अगदी शंभर टक्के चालली असती तरी आमच्या गावाचा जो खरा त्रास आहे तो तिला दिसलाच नसता.

आमचा त्रास आहे फ्लोराईड. आमच्या भागात खोल बोअरच्या पाण्यात खडकातलं फ्लोराईड उतरतं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्या असं आहे. त्याच्या वर गेलं अन् लहानपणापासून तेच पाणी पोटात गेलं की दातावर आधी पांढरे खडूसारखे पट्टे येतात, मग पिवळे, मग चॉकलेटी. दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हाच हे नुकसान होतं, म्हणजे साधारण सात-आठ वर्षाच्या आत, अन् एकदा झालं की घासून जात नाही. आमच्या शाळेत नवीन आलेल्या गुरुजींनी पोरांना रांगेत उभं करून दात घासायला शिकवलं होतं, बिचारे. पोरं घासून घासून थकली. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराईड जात राहिलं तर मग हाडावर येतं, मान वळत नाही, कंबर वाकत नाही, उकिडवं बसता येत नाही, अन् लोक म्हणतात वात आहे. गोळी घेतात, चोळतात, अन् वरून गोळीसोबत तेच पाणी पितात.

आता तुमची पेटी. टीडीएस म्हणजे पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते, त्यात फ्लोराईड किती हे टीडीएस सांगतच नाही. टीडीएस ४०० असलेल्या पाण्यात फ्लोराईड ३ असू शकतं अन् टीडीएस ९०० असलेल्या पाण्यात अर्धा मिलिग्रॅमही नसू शकतं. अन् जंतू? जंतू तर टीडीएसला दिसतच नाही, गटाराचं थोडं पाणी लाईनमध्ये घुसलं तरी तो काटा फारसा हलणार नाही. तरी बाजारात पेनासारखा टीडीएस मीटर घेऊन फिल्टरवाले येतात, आकडा दाखवून लोकांना घाबरवतात नाहीतर खुश करतात, अन् तुमच्या प्रोजेक्टमध्येही पहिला सेन्सर तोच असतो. का असतो ते मला आता कळलं, एका पोरानेच सांगितलं, म्हणाला काका तो तीनशे-चारशे रुपयांत ऑनलाईन मिळतो. म्हणजे जे स्वस्तात मोजता येतं ते मोजलं, जे मोजायची गरज होती ते राहून गेलं. हे पाप फक्त तुमचं नाही, मोठे मोठे पण हेच करतात.

अन् अजून एक गंमत सांगतो जी तुम्हाला कुठल्या पुस्तकात लवकर सापडणार नाही. फ्लोराईड जास्त असलेलं पाणी बऱ्याचदा लागायला गोड असतं. अशा पाण्यात कॅल्शियम कमी असतं, म्हणजे पाणी मऊ, साबणाला फेस येतो, तुरीची डाळ लवकर शिजते. आमच्या गावात चौकातला हातपंप आहे त्याचं पाणी असं आहे. बाया तिथून दोन घागरी जास्तीच्या नेतात, डाळीला अन् चहाला. विहिरीचं पाणी जड लागतं, डाळ शिजता शिजत नाही, म्हणून ते भांड्याला. अन् तपासणीत पाहिलं तर उलटं, हातपंपात फ्लोराईड २ च्या वर अन् विहिरीत मर्यादेच्या आत. जीभच फसवते इथे, तर कोणाला सांगायचं.

हे २ च्या वरचं मला कसं माहीत? कारण नमुने मीच नेले होते. आता नमुन्याची गोष्ट ऐका, कारण सगळं पत्र मी याच्यासाठीच लिहितोय.

नमुना घ्यायला सरकारी लोक येतात, कॉलेजवाले येतात, संस्था येतात, एकदा तर एकाच महिन्यात तिघं आले. प्रत्येकाची बाटली वेगळी. जंतूचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून २४ तासाच्या आत पोचला पाहिजे, रासायनिकचा मोठा कॅन. सगळे जण हातपंपावर येतात, पाणी भरतात, लेबल लावतात, फोनवर लोकेशनसकट फोटो काढतात अन् जातात. रिपोर्ट तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी येतो, तो ऑनलाईन चढतो, एक कागद पंचायतीत येतो, ग्रामसेवक फाईलला लावतात. फाईल कपाटात. हातपंप चौकात. मध्ये दोनशे पावलांचं अंतर आहे अन् ते अंतर काही तो आकडा चालून जात नाही.

हातपंपाच्या समोरच्या घरात एक आजी आहे, पंच्याहत्तरच्या पुढे असेल, वाकून चालते, मान वळवायची तर अख्खं अंग वळवते. तुमचा तिसरा ग्रुप आला तेव्हा एक पोरगी बाटली भरत होती तर आजी तिला म्हणाली, "बाटल्या भरभरून नेता वो माय, पन सांगाले कोनी येत नाई." पोरगी हसली, मी पण हसलो. रात्री झोप लागेना मला. कारण मला तर माहीत होतं ना. कागद मी पाहिला होता. माझंच काम होतं अन् मीही सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं? कारण सांगितलं की लोक म्हणतात मग पाणी कुठून आणू ते पण सांग, अन् तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकदा दबक्या आवाजात सांगितलं होतं एका-दोघांना, तर ते म्हणाले उकळून पिऊ. उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटतं अन् ते थोडं घट्टच होतं. हे पण सांगावं लागतं, अन् हे सांगायला कोणतं ॲप नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, तुम्ही जे काही बनवाल त्यात आकडा वर पाठवायच्या आधी खाली पाठवा, जो माणूस घागर घेऊन उभा आहे त्याच्याकडे. क्लाउडवर मग जाऊ द्या, त्याला काय घाई आहे.

हे मी हवेत बोलत नाही, असं झालेलं आहे. बांगलादेशात ट्यूबवेलच्या पाण्यात आर्सेनिक नावाचं विष निघालं, लाखो ट्यूबवेल, अन् कोणत्या विहिरीत आहे कोणत्यात नाही हे चवीवरून-रंगावरून कळत नाही, शेजारी शेजारी असलेल्या दोन ट्यूबवेलमध्ये एक चांगली एक वाईट. तिथे २००० नंतरच्या काही वर्षांत जवळपास ५० लाख ट्यूबवेल जागेवर किटने तपासल्या अन् तपासल्या तपासल्या रंगवल्या, वाईट ती लाल, चांगली ती हिरवी. रंगाचा डबा अन् ब्रश. त्याच्यानंतर कितीतरी बायांनी स्वतःहून घागर उचलून शेजारच्या हिरव्या ट्यूबवेलवर जाणं सुरू केलं. सगळ्यांनी नाही केलं, लांब असेल तर कोण जाईल, अन् रंग पण काही वर्षांनी उडतो. पण केमिस्ट्रीचा निकाल घागरीपर्यंत पोचला, अन् मी याला टेक्नॉलॉजी म्हणतो. तुम्ही ब्रशला टेक्नॉलॉजी म्हणत नसाल तर तुमचा सिलॅबस बदला.

आपल्याकडचं पण उदाहरण आहे. तुम्ही एचटूएसची बाटली पाहिली का? छोटीशी काचेची बाटली, आत औषध लावलेला कागद, पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पाणी काळं झालं की समजायचं घाण मिसळली आहे. ही पद्धत १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी काढली. लाईट लागत नाही, इंटरनेट लागत नाही, वाचता यावं लागत नाही. मी ती बाटली मुद्दाम अंगणवाडीच्या खिडकीत ठेवतो. सकाळी पोरं पाहतात, "काका काळी झाली!" म्हणून ओरडतात, अन् दुपारपर्यंत अख्ख्या गावाला माहीत होतं. रिपोर्टमध्ये मी शंभर वेळा "दूषित" लिहिलं असेल, त्याच्याने कधी कोणाचं पाणी थांबलं नाही, काळ्या बाटलीने थांबलं. ती काही पक्की प्रयोगशाळेची टेस्ट नाही, चुकते पण कधी कधी, पण घरातली बाई स्वतःच्या डोळ्याने पाहते ना, मग तिला कोणी पटवून द्यावं लागत नाही.

फ्लोराईडच्या किटचं तसं नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना किटने पाणी तपासायचं ट्रेनिंग द्यायचं असं आहे, आमच्याकडेही झालं. पाण्यात थेंब टाकायचे अन् रंग पाहायचा, गुलाबी राहिला तर बरं, पिवळ्याकडे सरकला तर फ्लोराईड. मग तो रंग छापलेल्या पट्टीशी जुळवायचा. आता पंचायतीच्या ऑफिसात टिनाचं छत, एक ट्यूबलाईट, बाहेर मे महिन्याचं ऊन, पट्टीचा रंग उडालेला, अन् पाच बायांनी पाच आकडे सांगितले. एक म्हणते १, एक म्हणते २. अरे याच्यातच तर सगळं आहे, १ अन् २ च्या मध्येच तर मर्यादा आहे! इथे तुमचा फोन कामाचा आहे. फोनच्या कॅमेऱ्याने रंग वाचणं अशक्य नाही, जगात लोकांनी केलंय. एक काळा डबा, आत ठरलेला उजेड, शेजारी ठरलेला रंग तुलनेला, फोन वर ठेवला की आकडा. अन् तो आकडा फोनने मराठीत मोठ्याने बोलून दाखवला पाहिजे, की हे पाणी लहान पोरांना पाजू नका, विहिरीचं पाजा. नेटवर्क नसताना. रेंज आली की मग पाठवत बस कुठे पाठवायचं ते. हा प्रोजेक्ट निळ्या लाईटच्या पेटीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे, पण याच्यात उद्घाटनाला नारळ फोडायला जागा नाही.

अन् हो, किटमधल्या औषधाला एक्स्पायरी असते, ते कोणी पाहत नाही. आमच्या किटचं औषध संपल्यावर नवीन यायला किती दिवस लागले ते मी लिहीत नाही, लिहिलं तर मलाच नोटीस येईल. पण वित्त आयोगाच्या पैशात बंधित निधी असतो, पाणी अन् स्वच्छतेलाच वापरायचा, त्यातून पंचायत हे घेऊ शकते. हे मला एका ग्रामसेवकानेच दाखवलं. तर तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये शेवटी "फ्युचर स्कोप" लिहिता ना, तिथे "दर सहा महिन्याला औषध कोण आणणार, किती रुपये, कोणत्या निधीतून" एवढं लिहा. फ्युचर म्हणजे आमच्यासाठी पुढचे सहा महिनेच असतात.

आता क्लोरीनचं बोलतो, कारण फ्लोराईड हळूहळू त्रास देतं पण जुलाब एका रात्रीत गाव झोपवतो. अन् इथे एक पेच आहे तो नीट समजून घ्या. आधी लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायचे, त्यात फ्लोराईड कमी पण जंतू. गॅस्ट्रो नको म्हणून बोअर खोदले, जंतू कमी झाले, फ्लोराईड आलं. आता फ्लोराईड नको म्हणून विहिरीकडे परत जा म्हणालं तर जंतू परत. म्हणजे विहीर अन् क्लोरीन ही जोडी जमली तरच गाव सुटतं. बाकी आरओ वगैरे आहे, आमच्याकडेही बसवलं होतं, पाच रुपयात वीस लिटर, फ्लोराईड काढतं ते खरंय, पण जितकं पाणी गाळतं त्याच्याइतकं नाहीतर जास्तच नालीत सोडतं, अन् मेम्ब्रेन, म्हणजे आतला गाळायचा पडदा, गेली की पंचायतीकडे पैसे नसतात. आमचं आरओ आता बंद आहे, आत कोणीतरी कुटाराची पोती ठेवली आहेत. नागपूरच्या नीरीने काढलेली नालगोंडा पद्धत पण आहे, तुरटी अन् चुना टाकून फ्लोराईड खाली बसवायचं, चांगली आहे, विजेविना होते, पण रोज मोजून टाकायचं अन् गाळ काढायचा, घरोघरी हे टिकत नाही. मी स्वतः घरी दोन महिने केलं अन् मग कंटाळलो, खोटं कशाला सांगू.

तर क्लोरीन. टीसीएल पावडर नवीन असते तेव्हा तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, दमट हवा लागली, की उडत जातं. पावसाळ्यात, म्हणजे नेमकं जेव्हा जास्त लागतं तेव्हा, पावडर अर्धमेली झालेली असते. हजार लिटरला पाच ग्रॅमच्या आसपास टाकायची, म्हणजे आमच्या पन्नास हजार लिटरच्या टाकीला अडीचशे ग्रॅम. मी किती वर्षं दोन ओंजळी टाकत होतो. माझी ओंजळ किती ग्रॅमची आहे हे कोणी विचारलं नाही. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन पाहिजे म्हणजे पाहिजे, ओटी टाकली की पाणी पिवळसर व्हायला हवं, कधी व्हायचं कधी नाही, अन् कधी इतकं जास्त व्हायचं की लोक भांडायला यायचे, पाण्याला वास येतो म्हणून. वास आला की लोक ते पाणी सोडून हातपंपावर जातात. गोड पाण्याच्या. झालं, परत तिथेच.

त्या तिसऱ्या ग्रुपमधली तीच बाटलीवाली पोरगी, ती दोन दिवस माझ्यासोबत फिरली. काही बोलली नाही फारसं. मी टाकीवर चढलो, ती पण चढली. माझ्या ओंजळीतली पावडर तिने काट्यावर मोजली, तीन वेळा. १४०, २१०, १९०. मग परत गेली अन् पंधरा दिवसांनी कुरिअरने एक प्लास्टिकचा मग पाठवला, कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर बनवलेला, आत दोन रेषा, एक खालची "नवीन पोतं" अन् एक वरची "जुनं पोतं", मराठीत कोरलेलं. झाकण पण आहे. सोबत सूचना की पोत्यावर उघडल्याची तारीख लिहा. बस एवढंच. सिमकार्ड नाही, निळा लाईट नाही. तेव्हापासून माझ्या वहीत शेवटच्या नळाची ओटी बहुतेक दिवस बरोबर येते. तिला या मगला प्रोजेक्ट म्हणून किती मार्क पडले माहीत नाही, मला वाटतं तिने तो प्रोजेक्टमध्ये दाखवलाच नसेल, मुख्य प्रोजेक्ट त्यांचा काहीतरी एआयचा होता.

याच्या पुढची पायरी पण आहे. माझ्या हातावर अवलंबून न राहता पाण्याच्या ओघानेच क्लोरीन मिसळणारी यंत्रं आहेत, वीज लागत नाही. ढाक्याच्या वस्त्यांमध्ये सामायिक नळांवर अशी यंत्रं बसवून अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला, पोरांचं जुलाबाचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालं. लोकांना काही करावं लागलं नाही, काही लक्षात ठेवावं लागलं नाही. मला असं यंत्र पाहिजे जे आमच्या टाकीच्या पाईपला बसेल, ज्याचा स्पेअर पांढरकवड्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल, अन् मी लग्नाला दोन दिवस गेलो तर गाव माझ्याविना चालेल. माझी नोकरी जाईल का असं भाच्याने विचारलं. जाऊ दे म्हटलं, व्हॉल्व सोडायला कोणी तरी लागेलच.

सरकारी कार्डाचं पण सांगून टाकतो, तुम्ही शहरातले आहात म्हणून. गावाच्या पाण्याच्या स्रोतांचा वर्षातून दोनदा सर्व्हे होतो, विहिरीजवळ उकिरडा आहे का, पाईप गळतो का, टीसीएल आहे का, मग गावाला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. चांगली पद्धत आहे, लाल कार्ड मिळालं की सरपंचाची झोप उडते, म्हणजे काम होतं. पण ते कार्ड मुख्यतः जंतूच्या धोक्याचं आहे, फ्लोराईडचं नाही. आमच्या गावाचं कार्ड हिरवं आहे. शाळेच्या भिंतीवर फ्रेम करून लावलंय, अन् त्याच्या खाली रांगेत बसलेल्या पोरांचे दात पिवळे.

पुण्यावाल्यांनी हसू नये. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या भागात जीबीएस नावाच्या नसांच्या आजाराचे पेशंट निघाले, हातपाय लुळे पडत होते, तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला अन् संशय पाण्यावर गेला, तेव्हा टीव्हीवर मोठ्या सोसायटीतली माणसं पण हेच विचारत होती की आमच्या पाण्यात क्लोरीन किती होतं ते आम्हाला आधी का नाही सांगितलं. शहरात तर पाईपभर सेन्सर बसवता येतात. तरी आकडा नळापर्यंत आला नाहीच ना. म्हणजे अडचण खेड्याची नाही अन् रेंजची पण नाही.

तर येणार असाल तर काय करा, मी सांगतो. दिवाळीनंतर येऊ नका, तेव्हा हवा छान असते, शेतात कापूस वेचणं चालू असतं, फोटो भारी येतात, पण पाण्याचा त्रास दिसत नाही. मे महिन्यात या. पंचेचाळीस डिग्रीत शेतमजूर दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पितो, वर काळा चहा, अन् चहात पण फ्लोराईड असतंच. मर्यादा लिटरवर ठरली आहे, माणूस किती लिटर पितो त्यावर नाही, हे त्या उन्हात आपोआप समजतं. आल्यावर पहिले दोन दिवस काही बसवू नका. गावात बोअर, विहिरी, हातपंप मिळून सतरा स्रोत आहेत, प्रत्येकाचा आकडा काढू, दोन हातपंपात दोनशे फुटाचं अंतर असलं तरी आकड्यात जमीन-अस्मानाचा फरक निघतो, तो नकाशा आजवर कोणी केला नाही. निघाला आकडा की तिथेच पत्र्याची पट्टी ठोकायची, रंग, आकडा अन् तारीख. तारीख पाहिजेच, कारण पाणी बदलतं. ज्या विहिरी चांगल्या निघतील त्यांना जाळी, कठडा अन् क्लोरीनची सोय कशी करायची ते मग बघू, तुमचं डोकं तिथे लागेल. अंगणवाडीच्या ताईंना भेटा, सहा वर्षाच्या आतली पोरं कोणत्या घरचं पाणी पितात हे त्यांना तोंडपाठ आहे, सगळ्या गावाला शुद्ध पाणी देणं जमलं नाही तरी निदान त्या पोरांच्या पिण्याच्या दोन-दोन लिटरचं तरी आधी जमवू. जेवायला माझ्याकडे या. पावसाळ्यात आलात तर तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, भाजी खाऊ घालीन, कॅल्शियमवाली आहे, मध्यप्रदेशात झाबुआकडे फ्लोराईडवर काम करणाऱ्यांनी तीच पोरांच्या जेवणात आणली म्हणे. आमच्याकडे लोक तिला गरिबाची भाजी म्हणून लाजतात.

हातपंपाला पट्टी मी एकट्याने ठोकू शकतो की, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. आजीला तर मी मागच्या आठवड्यात जाऊन सांगितलं. सगळं सांगितलं, आकडा पण. तिने ऐकून घेतलं अन् म्हणाली, "मंग आता सांगून का फायदा रे बावा, माहे तं झाले दिवस." मग थोडा वेळ गप्प बसली अन् नातसुनेला हाक मारून म्हणाली, त्या लेकराच्या बाटलीत विहिरीचं भर.

आपला,
एक जलसुरक्षक

ता.क. ती पहिल्या ग्रुपची निळ्या लाईटची पेटी अजून टाकीवरच आहे. ती पंचायतीच्या डेडस्टॉक रजिस्टरला चढवली आहे त्यामुळे मला काढून फेकता येत नाही. ज्यांची आहे त्यांनी येऊन सही करून घेऊन जावी, येताना वांदरांसाठी काही आणू नये.